लघवीवरून गाभणपणाचं निदान: प्राणिसंग्रहालयासाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

गाय गाभण आहे का हे पाहायचं तर पशुवैद्यक खांद्यापर्यंत हातमोजा चढवतो, गाय खोड्यात उभी करतो आणि दोन मिनिटांत सांगतो. नीलगायीला खोड्यात कोण उभं करणार? तिला जाळ्यात धरा नाहीतर भूल द्या, दोन्हींत जिवाचा धोका. काळवीट आणि चितळ तर पकडण्याच्या धावपळीतच इतके बिथरतात की स्नायूंना झालेल्या इजेने पुढच्या काही दिवसांत दगावू शकतात. मादी खरंच गाभण असेल तर धोका दोन जिवांना. म्हणून जनावराला हातही न लावता, त्याने जमिनीवर टाकलेल्या लघवीतून संप्रेरकं मोजण्याची पद्धत आपल्याकडच्या संग्रहालयांनी मनावर घ्यायला हवी.

मराठवाड्यात हा विषय दूरचा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पांढऱ्या आणि पिवळ्या वाघिणींची बाळंतपणं झाली आहेत, आणि मिटमिट्याच्या नियोजित सफारी पार्कमुळे जागा वाढली की जोड्या लावण्याचे प्रश्नही वाढतील. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. वन्यप्राण्यांच्या संप्रेरकांवर काम करणारी लॅकोन्स ही संस्था हैदराबादला, म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. साधनं आहेत. कमी पडते ती रोजची शिस्त, आणि ती प्रयोगशाळेत लागत नाही, पिंजऱ्याशी लागते.

पहिली पायरी: तुमच्या प्राण्याला लघवीची तपासणी चालते का?

सगळ्यात आधी हे ठरवा. इथे चुकलात तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते.

गर्भ टिकवायला प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक लागतं. काम झालं की यकृत त्याचं रूप बदलतं आणि उरलेले अवशेष शरीर बाहेर टाकतं. काही प्राण्यांत ते मूत्रपिंडातून लघवीत येतात, काहींत पित्तामार्गे आतड्यात उतरून विष्ठेत. कुठल्या वाटेने किती, हे जातीजातीत वेगळं. लघवीत येणाऱ्या अवशेषांपैकी सगळ्यात जास्त मोजला जातो तो प्रेग्नेनडायॉल ग्लुक्युरोनाइड. प्रयोगशाळेत त्याला सरळ पीडीजी म्हणतात. हा पदार्थ माणसाच्या लघवीत भरपूर असतो, काळविटासारख्या हरणांत आणि एकशिंगी गेंड्यात उपयोगी पडतो. हत्तिणीच्या लघवीतही प्रोजेस्टेरॉनच्या कुळातले अवशेष मोजता येतात, फक्त तिथले मुख्य पदार्थ वेगळे असतात.

वाघ, बिबट्या, सिंह यांच्या बाबतीत मात्र थांबा. मांजरकुळातल्या प्राण्यांत प्रोजेस्टेरॉनचे जवळजवळ सगळे अवशेष विष्ठेतून बाहेर पडतात. वाघिणीची लघवी पीडीजीसाठी पाठवली तर आकडा कमीच येणार, आणि तो वाचून कुणी ‘गाभण नाही’ म्हणून तिला दुसऱ्या नरासोबत सोडलं तर अनर्थ होईल. वाघिणीसाठी विष्ठा गोळा करा. मांजर आणि बिबट्या यांच्या लघवीत रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक सापडतं आणि ते खऱ्या गर्भाशीच बांधलेलं असतं. पण त्याची तपासणी वेगळी असते, आणि ती करणारी प्रयोगशाळा हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.

माकडांचं प्रकरण निराळं. औषधाच्या दुकानात मिळणारी गरोदरपणाची पट्टी चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या लघवीवर चालते, कारण त्यांचं गर्भसंप्रेरक माणसाच्या संप्रेरकाच्या फार जवळचं आहे. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांवर आणि वानरांवर ती पट्टी भरवशाची नाही. मकाक माकडांत, म्हणजे लाल तोंडाच्या माकडांच्या कुळात, ते संप्रेरक मुळात गरोदरपणाच्या सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांतच लघवीत दिसतं. आणि नीलगाय, हरीण, वाघ, अस्वल यांच्या शरीरात हे संप्रेरक तयारच होत नाही. त्यांच्या लघवीत पट्टी बुडवून एक रेघ आली म्हणून ‘गाभण नाही’ म्हणणं साफ चूक.

घोडा आणि गाढव यांची पद्धत जुनी आहे. घोडीच्या गर्भारपणात लघवीतलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक अफाट वाढतं. ते ओळखण्याची कुबोनी चाचणी १९३४ पासून वापरात आहे आणि घोडीत साधारण पाच महिन्यांनंतर ती चांगली लागते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे व्यवहार करणाऱ्यांनाही ती उपयोगी आहे. गाढविणीत तिच्यावर तेवढा भरवसा ठेवू नका.

बेरियम क्लोराइडचे थेंब टाकून किंवा लघवीत गहू भिजवून कोंब पाहण्याच्या चाचण्यांबद्दल शेतकरी नेहमी विचारतात. गायीवर त्यांचे प्रयोग झाले आहेत, आणि गाभण गायीच्या लघवीत बी उगवायला वेळ लागतो हे निरीक्षण छापूनही आलं आहे. गोठ्यात प्राथमिक अंदाज म्हणून करायचं तर करा. संग्रहालयातल्या प्राण्याचा निर्णय त्यांवर घेऊ नका, कारण लघवी किती घट्ट आणि खाण्यात काय होतं यावरही त्यांचा निकाल हलतो.

आता पुढे मी मुख्यतः नीलगाय, काळवीट, चितळ, सांबर अशा खुरांच्या प्राण्यांना धरून लिहितो. लघवीची पद्धत त्यांच्यासाठीच सगळ्यात कामाची आहे, आणि मराठवाड्यात तेच प्राणी आपल्या नजरेसमोर आहेत.

दुसरी पायरी: नर सोडण्याआधी सुरुवात

गाभणपण एका आकड्यावरून कळत नाही. एका नीलगायीला जो आकडा रोजचा, तो दुसरीला चढलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक मादीची स्वतःची साधी पातळी आधी माहीत हवी. नर सोडण्याच्या निदान महिनाभर आधीपासून नमुने घ्यायला लागा. आठवड्यातून तीन नमुने उत्तम, दोन चालतील, एकावर भागवायला जाऊ नका. दोन माजांच्या मधला चढउतार त्यात निसटतो.

सोबत एक जाड वही ठेवा. लाग म्हणजे समागम झाल्याची तारीख, मादीने नराला चढू दिलं का, खाणं कमी-जास्त, औषध दिलं का, पिंजरा बदलला का, सगळं त्याच दिवशी लिहायचं. मुका माज असलेल्या मादीत वहीत काहीच दिसत नाही आणि लघवीतला आकडा मात्र बोलतो. उलट कधी वहीतली एक ओळ सगळा गोंधळ मिटवते: प्रोजेस्टेरॉनसारखं औषध टोचलं असेल तर चढलेला आकडा गर्भाचा नसून औषधाचा असू शकतो.

कळपात दहा-पंधरा चितळं एकत्र असतील तर सगळ्यांची लघवी घेण्याचा हट्ट धरू नका, कुठली कुणाची हेच कळणार नाही. ज्या एक-दोन माद्यांबद्दल निर्णय घ्यायचा आहे त्यांनाच रात्री वेगळ्या निवाऱ्यात घ्या.

तिसरी पायरी: लघवी गोळा करणं

इथे जरा वेळ घालवतो, कारण अर्धे नमुने इथेच वाया जातात.

कोणती मादी कुठे आणि कधी लघवी करते हे डॉक्टरपेक्षा तिला रोज चारा घालणाऱ्या माणसाला जास्त ठाऊक असतं. बहुतेक खुरांचे प्राणी रात्रभर बसून पहाटे उठले की आधी मोकळे होतात, किंवा एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडताना. म्हणून नमुन्याची वेळ प्राणीपालकालाच ठरवू द्या आणि कामात त्याला बरोबरीने घ्या. त्याला आकडा काय आला हे दर आठवड्याला दाखवलं की नमुने आपोआप नीट येतात.

रात्रनिवाऱ्याची फरशी सिमेंटची असेल तर आदल्या संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. फिनाइल, ब्लीचिंग पावडर त्या दिवशी नको. सकाळी मादी बाहेर गेली, मधलं दार लागलं, कुलूप पडलं, मगच आत जायचं. सुई काढलेली पाच मिलिलिटरची सिरिंज घ्या. डबक्याच्या वरच्या थरातून हळू ओढा, तळाशी टोक घासू नका, नाहीतर वाळू आणि वाळलेलं शेण वर येतं. दोन-तीन मिलिलिटर पुरतात. फरशीला उतार असेल तर उताराच्या तोंडाशी स्टीलचा स्वच्छ ताट-ट्रे ठेवा. काही माद्यांना त्याची सवय लवकर होते, काही त्याकडे बघून बुजतात, मग तो काढून घ्या. शांत मादी जाळीजवळ उभी राहून लघवी करत असेल तर लांब वेळूच्या टोकाला बांधलेल्या स्टीलच्या पेल्यात थेट धार झेलता येते. असा नमुना सगळ्यात स्वच्छ.

काय टाकून द्यायचं हेही सांगून ठेवतो. लघवीत शेण मिसळलं असेल तर नमुना टाका, कारण शेणातले अवशेष मिसळून आकडा खोटा फुगतो. मातीत मुरलेली लघवी पिळून काढू नका. रक्त दिसलं तर नमुना वेगळा ठेवा आणि आधी डॉक्टरांना बोलवा. पिण्याच्या पाण्याची टाकी सांडून फरशी ओली असेल तर त्या दिवसाचा नमुना सोडून द्या. रिकामा दिवस वहीत लिहिला तरी चालतो, पण पातळ नमुना आकडा बनून बसला की नंतर काढता येत नाही.

हातमोजे आणि रबरी बूट प्रत्येक वेळी. लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार माणसाला लागतो, आणि हाताला चीर असेल तर धोका अधिक.

चौथी पायरी: उन्हातून वाचवून गोठवणं

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर जातो. तापलेल्या फरशीवर लघवी पडली की दोन गोष्टी होतात: पाणी उडतं आणि जंतू वाढतात. जंतू त्या संप्रेरकाला जोडलेला साखरेचा भाग तोडतात आणि तपासणी ज्या पदार्थाला शोधते तो पदार्थच कमी होतो. म्हणून उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या आत नमुना थंडीत गेला पाहिजे. थर्मासमध्ये बर्फ घेऊनच पिंजऱ्याशी जा. हिवाळ्यात दोन तास चालतात, पण सवय एकच ठेवा.

प्रत्येक नमुना दोन छोट्या झाकणाच्या नळ्यांत वाटून घ्या, एक तपासायला आणि एक राखीव. नळीवर प्राण्याचं नाव, तारीख, वेळ, घेणाऱ्याचं नाव. बॉलपेनची शाई थंडीत आणि ओलाव्यात पुसते; पांढऱ्या चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहा आणि वरून पारदर्शक टेप चिकटवा. नळ्या उणे वीस अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठवायचं, वितळवायचं, पुन्हा गोठवायचं असं करू नका, त्यासाठीच दोन नळ्या.

लोडशेडिंगची चिंता असेल तिथे एक सोपी युक्ती आहे. एका कपात पाणी पूर्ण गोठवा, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि कप फ्रीजरमध्येच राहू द्या. सुट्टीनंतर नाणं वरच असेल तर नमुने गोठलेलेच राहिले. नाणं कपात खाली गेलेलं दिसलं तर मधे वीज गेली आणि सगळं वितळून पुन्हा गोठलं. त्या वेळचे नमुने वहीत खूण करून ठेवा.

प्रयोगशाळेकडे पाठवताना थर्मोकोलच्या डब्यात भरपूर जेल पॅक किंवा कोरडा बर्फ घाला. डबा रविवारी किंवा सणाच्या दिवशी पोचेल असा पाठवू नका, दारात पडून राहतो. पाठवण्याआधी संग्रहालयाच्या अधीक्षकांची लेखी परवानगी आणि वन विभागाची लागेल ती मंजुरी घेऊन ठेवा. प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कक्षेतले आहेत, कागद अपुरे असले की वाटेतच नमुने अडकतात.

पाचवी पायरी: लघवी घट्ट की पातळ, याचा हिशेब

हा भाग बरेचजण गाळतात, आणि त्यांचे सगळे आकडे दिशाभूल करतात. कमी पाणी प्यायलेल्या जनावराची लघवी घट्ट, त्यात सगळंच जास्त. भरपूर हिरवा चारा खाल्लेल्याची पातळ. मग संप्रेरक खरंच वाढलं की फक्त पाणी कमी झालं? याचं उत्तर क्रिएटिनिन देतं. स्नायूंमधून ते बऱ्यापैकी एका गतीने लघवीत येतं, म्हणून संप्रेरकाचा आकडा क्रिएटिनिनने भागला की पातळपणाचा परिणाम निघून जातो.

समजा हिवाळ्यातल्या एका नमुन्यात मिलिलिटरला १२० नॅनोग्रॅम पीडीजी आणि ०.४ मिलिग्रॅम क्रिएटिनिन आलं. भागाकार ३००. मे महिन्यातल्या दुसऱ्या नमुन्यात पीडीजी २४०, क्रिएटिनिन १.६. भागाकार १५०. नुसता पहिला आकडा पाहिला असता तर मे महिन्यात संप्रेरक दुप्पट वाटलं असतं. खरं तर ते निम्मं आहे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा फरक रोजचा आहे.

क्रिएटिनिनची जाफे पद्धत बऱ्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, अल्कधर्मी पिक्रेटमुळे नारिंगी रंग येतो आणि तो मोजला जातो. क्रिएटिनिन मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं तर नमुना इतका पातळ आहे की तो हिशेबातून काढलेला बरा.

क्रिएटिनिनची सोय नसेल तर हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. एक थेंब टाकायचा आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी पाण्याच्या किती पट जड आहे, ते वाचायचं. रोज आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून १.००० दिसतं का पाहा. मग सगळे नमुने एका ठरवलेल्या गुरुत्वावर आणा, समजा १.०२०. नमुन्याचं गुरुत्व १.०४० असेल आणि पीडीजी २४०, तर २४० ला ०.०२० ने गुणून ०.०४० ने भागा, उत्तर १२०. सगळ्या नमुन्यांना एकच पद्धत वापरा, अर्ध्यांना ही आणि अर्ध्यांना ती असं नको.

सहावी पायरी: प्रयोगशाळेतली तपासणी

बहुतेक ठिकाणी एलायझा पद्धत वापरतात. ९६ खाचांची प्लेट, प्रत्येक खाचेत प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक पदार्थालाच धरणारं प्रथिन, चिकटवलेलं. तुमच्या नमुन्यातलं संप्रेरक आणि रंग देणारं खुणेचं संप्रेरक, दोघं एकाच वेळी त्या प्रतिपिंडाला चिकटायला धडपडतात. गर्दीच्या एसटीत जागा मोजक्या असतात तसंच: तुमच्या नमुन्यातल्या प्रवाशांनी जास्त जागा पटकावल्या की खुणेच्या संप्रेरकाला कमी मिळतात. म्हणून इथे रंग जितका फिका, तितकं तुमच्या नमुन्यातलं संप्रेरक जास्त. पहिल्यांदा प्लेट पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं, म्हणून सांगून ठेवलं.

नमुना विरळ करूनच घालतात. किती विरळ, ते प्रत्येक जातीसाठी आधी तपासायचं असतं: तोच नमुना दुपटी-दुपटीने विरळ करत न्या आणि आलेली रेषा संप्रेरकाचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणांच्या रेषेला समांतर उतरते का पाहा. समांतर नसेल तर लघवीतलं दुसरंच काहीतरी मध्ये येत आहे आणि त्या किटचा आकडा तुमच्या जातीला लागू नाही. नवीन जातीवर काम सुरू करताना ही पायरी कुणालाही टाळू देऊ नका.

प्रयोगशाळेला पाठवताना दोन गोष्टी नक्की विचारा. प्रतिपिंड एकाच पदार्थाला धरतं की प्रोजेस्टेरॉनच्या कुळातल्या अनेक अवशेषांना? ज्या जातीचे अवशेष नीट ओळखलेले नाहीत तिथे दुसऱ्या प्रकारचं सोयीचं. आणि प्रत्येक नमुना दोन खाचांत घालता का? दोन खाचांतल्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर तो नमुना पुन्हा तपासायला सांगा. एका मादीचे सगळे नमुने शक्य तितके एकाच प्लेटवर जाऊ द्या. वेगवेगळ्या दिवशीच्या प्लेटा जुळवायच्या तर प्रत्येकीवर तोच एक राखीव नमुना ठेवावा लागतो.

वन्यप्राण्यांचे मोलाचे नमुने हाती घेण्याआधी सराव मात्र गोठ्यात करा. परभणी किंवा उदगीरच्या महाविद्यालयाच्या मदतीने कृत्रिम रेतनाची तारीख माहीत असलेली देवणी किंवा लाल कंधारी गाय, भाकड गाय, आणि सोनोग्राफीने गाभण ठरलेली उस्मानाबादी शेळी यांची लघवी घ्या. नमुना विरळ करणं, क्रिएटिनिन, प्लेट वाचणं, सगळ्यात हात बसतो आणि चुकलं तर नमुना उद्या पुन्हा मिळतो. इतकंच लक्षात ठेवा की गायीचे, शेळीचे आकडे नीलगायीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. अवशेषांचं प्रमाण जातीजातीत बदलतं.

सातवी पायरी: आलेख वाचणं

आकडे आले की तारखेप्रमाणे आलेखाच्या कागदावर मांडा. संगणक असेल तर उत्तम, नसेल तरी चौकोनी वही पुरते.

आधी साधी पातळी काढा. सगळ्या आकड्यांची सरासरी घ्या, तिच्यात प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाच्या) दीडपट मिळवा, त्यावर गेलेले आकडे बाजूला काढा, उरलेल्यांची सरासरी पुन्हा काढा. एकही आकडा वर जाईनासा होईपर्यंत हे करत राहा. उरलेल्यांची सरासरी म्हणजे त्या मादीची साधी पातळी.

आता लागाची तारीख पाहा. गाय, म्हैस, शेळी यांचं माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं. तुमच्या नीलगायीचं किंवा काळविटीचं चक्र नर सोडण्याआधीच्या नमुन्यांतून तुम्हाला दिसलेलंच असेल. लागानंतर काही दिवसांत आकडा चढणारच, गर्भ राहिला तरी आणि न राहिला तरी, कारण बीज सुटल्यावर अंडाशयातला पिवळा गोळा काही दिवस प्रोजेस्टेरॉन देतोच. इथेच घाईत माणसं पेढे वाटतात. खरी परीक्षा चक्राच्या शेवटी. गर्भ नसेल तर आकडा खाली येतो, मादी उलटते, पुन्हा माज दाखवते. आकडा पुढच्या माजाच्या वेळीही वर राहिला आणि त्यापुढच्या चक्रातही खाली आला नाही, तर गाभण असण्याची शक्यता भक्कम. एका नमुन्यावर कधीच बोलू नका; लागोपाठचे निदान दोन-तीन नमुने एकच सांगत असले पाहिजेत.

फसवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. गर्भाशयात पू झाला की पिवळा गोळा टिकून राहतो आणि आकडा गाभणीसारखाच वर दिसतो. योनीतून घाण वास, खाणं कमी, ताप असं काही दिसलं तर आलेखावर विसंबू नका. दुसरी, गर्भ राहून मध्येच गळणं: आकडा काही आठवडे वर राहून अचानक साध्या पातळीला येतो. असं झालं की आहार, चाऱ्यातली बुरशी, गर्भ गाळणारा ब्रुसेलोसिस हा संसर्ग यांची चौकशी त्याच आठवड्यात सुरू करा. गाभडलेली मादी बाहेरून कधीकधी काहीच दाखवत नाही, आणि ही गोष्ट लघवीखेरीज दुसऱ्या कशातून कळणं कठीण आहे.

वाघीण, बिबट्या यांच्या विष्ठेचा आलेख वाचताना खोटं गाभणपण लक्षात ठेवा. या माद्यांत बऱ्याचदा समागमानेच बीज सुटतं. गर्भ राहिला नाही तरी प्रोजेस्टेरॉन महिनाभर किंवा त्याहून थोडं जास्त वर राहतं, वाघीण सुस्तावते, खाणंपिणं बदलतं, आणि सगळ्यांना बछड्यांची आशा लागते. खरी गर्भधारणा वाघिणीत साधारण १०५ दिवसांची. म्हणून दोन महिन्यांनंतरही पातळी वर असेल तरच गाभण म्हणा. शेवटच्या टप्प्यात विष्ठेत प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकासारख्या पदार्थाचा एक अवशेष वाढतो आणि तो खऱ्या गर्भाची खात्री देतो. प्रयोगशाळेकडे ती सोय असेल तर जरूर मागा. कुत्र्याच्या कुळात, म्हणजे लांडगा, कोल्हा यांत, खोट्या आणि खऱ्या गाभणपणात प्रोजेस्टेरॉन सारखंच दिसतं, तिथे ही पद्धत एकटी पुरत नाही. अस्वलाचाही पेच आहे, कारण त्याचा गर्भ उशिरा रुजतो.

हत्तिणीचं चक्रच तीन-चार महिन्यांचं आणि गर्भारपण सुमारे २२ महिन्यांचं. तिचा प्रोजेस्टेरॉनचा चढ एका चक्रात आठ ते दहा आठवडे टिकतो, त्यामुळे बारा आठवड्यांच्या आत काही बोलणं घाईचं ठरतं.

आठवी पायरी: कळल्यावर काय करायचं

पहिलं काम नर वेगळा करणं. नीलगायीचा नर गाभण मादीला त्रास देऊ शकतो, आणि वाघ तर बछड्यांच्या जिवावर उठू शकतो. विण्याच्या अंदाजे तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी शांत कोपरा तयार हवा: चितळाचा गर्भकाळ साडेसात ते आठ महिने, काळविटाचा साधारण सहा, नीलगायीचा आठ महिन्यांच्या आसपास. लागाच्या तारखेवरून दिवस मोजा, आणि नीलगायीत जुळी होतात हे धरून जागा जरा मोठी ठेवा.

भूल देऊन करायची कामं, वाढलेली खुरं कापणं, दुसऱ्या संग्रहालयात पाठवणं, हे सगळं पुढे ढकला. जंताचं औषध द्यायचं तर गाभण जनावराला चालणारंच, डॉक्टरांना विचारून. चाऱ्यात खनिज मिश्रण सुरू ठेवा. दुष्काळाच्या वर्षी नुसत्या कडब्यावर गाभण मादीचं भागत नाही, हे जनावरं सांभाळणाऱ्याला सांगायला नको. लग्नसराईचा बँड आणि दिवाळीचे फटाके उद्यानाच्या भिंतीबाहेर वाजतातच. त्या दिवशी रात्रनिवारा लवकर बंद करून आत भरपूर वैरण टाका. विण्याच्या सुमारास कॅमेऱ्यावरून पाहा, जाळीशी माणसं गोळा होऊ देऊ नका.

लघवीचा निकाल आला म्हणजे सोनोग्राफीची गरज संपली असं नाही. शांत मादीला जाळीशी येऊन बाजू टेकवायची सवय लावली तर भूल न देता पोटाची सोनोग्राफी होऊ शकते. लघवी वेळ सांगते, सोनोग्राफी गर्भ जिवंत आहे का ते दाखवते.

गर्भ ठरला म्हणून नमुने थांबवू नका. आठवड्याला एक तरी चालू ठेवा, आणि शेवटच्या महिन्यात पुन्हा तीन करा, कारण विण्याआधी प्रोजेस्टेरॉन उतरायला लागतं आणि तो उतार दिसला की माणसं रात्रपाळीला बसवता येतात. विल्यानंतरही आकडा साध्या पातळीला येईपर्यंत नमुने घ्या. मग लागाच्या तारखेपासून विण्यापर्यंतचा पूर्ण आलेख त्या मादीच्या नावाने वहीत लावून ठेवा, राखीव नळ्या लगेच टाकू नका, आणि पुढच्या वेळी त्याच मादीला नर सोडाल तेव्हा दुसऱ्या कुणाच्या आकड्यांशी नाही तर याच आलेखाशी ताळा करा.